मार्च, तैलरंग

रविवारी रात्री नऊनंतर मशीन रिकामं असतं.
तेव्हा ट्रेम्बाथबाई चित्र घेऊन आल्या,
गोधडीत गुंडाळून, म्हाताऱ्या माणसाला
दंडाशी धरून पायऱ्या चढवाव्यात तशा.
हॅनकॉकच्या म्युझियमकडे पैसे नाहीत.
आमच्याकडे छातीचे फोटो काढायचं यंत्र आहे.

पेशंटचं नाव घातल्याशिवाय ते सुरूच होत नाही.
मी टाइप केलं : कार्वोनेन, हिल्या.
जन्म अठराशे अठ्ठ्याण्णव. वजन, चौकटीसकट, चार किलो.
कुठे दुखतंय, या रकान्यात काय लिहू?
बाई म्हणाल्या, आकाश लिही.

आकाशाला भेगा होत्याच, केसाएवढ्या.
टॉर्च लेक, मार्च महिना. तीनच पट्टे :
बर्फ, वाळू आणि वर ते,
सुरीने फासलेले, ब्रश कुठे दिसतच नाही.
उजव्या कडेला एक काळा कोन.
गावात कुणालाही विचारा, तो खाणीचा मनोरा.
ती म्हणायची, तो कोन आहे.
शिकागोच्या कुणीसं एकदा लिहिलं होतं, 'प्रांतिक'.
तिने ते कात्रण रंगाची सुरी पुसायला वापरलं.
आठवडाभर शाळेत भूगोल शिकवायची.
शनिवारी बर्फात तिवई रोवायची,
डाव्या हातात मोजा, उजवा हात उघडा.

आणि गाव म्हणतं, बर्फाखाली माणूस आहे.
आर्वो, तिचा भाऊ, सकाळच्या पाळीला उतरलेला.
आधी त्याला काढलं तिने, मग झाकलं.
साठ वर्षं सगळे हेच सांगतात,
पाहिलेलं कुणीच नाही.

चाळीस केव्ही. लहान मुलाच्या मनगटाला देतो तेवढंच.
मी सवयीने म्हणाले, श्वास रोखा.
बाईंनी रोखला.

पडद्यावर बर्फ उजळला, शिशाचा पांढरा,
त्याच्या आत सुरीचे फटकारे, एकावर एक,
त्यांच्या खाली कापडाची वीण.
माणूस नव्हता.

'नक्की?' बाईंनी विचारलं.
हा शब्द मी रोज ऐकते, या दारात,
कोट हातात धरून उभ्या राहिलेल्यांकडून :
काही नाही ना, नक्की?
काही सापडावं म्हणून विचारणारं
पहिल्यांदाच कुणी भेटलं.

मग मी फोटो मोठा केला.
वाळूच्या पट्ट्यात बारीक टिपके, शेकडो.
वाळूत खरोखरच वाळू होती,
खाणीने दळून तळ्यात टाकलेली,
मूठभर उचलून तेलात कालवलेली,
कणाकणात अजून थोडं तांबं.
आमच्याकडे द्राक्षांवर मोरचूद फवारतात,
बाबांची नखं चार-चार महिने निळी असत.
आणि तांब्या स्टीलचा असला तरी
आम्ही त्याला तांब्याच म्हणतो.
हे बाईंना सांगायचं होतं,
पण इंग्रजीत त्याचा नुसता पाण्याचा जग होतो.

अजून एक दिसलं.
क्षितिज आधी खाली होतं, दोन बोटं खाली.
जुनी रेघ अजून तिथेच आहे, सरळ, पट्टीने ओढल्यासारखी.
नंतर कधीतरी तिने जमीन वर घेतली,
आकाशाचं तेवढं कापून.

बाईंनी काचेवर दोन बोटं ठेवली, आडवी.
बराच वेळ तशीच.
मी दिवा लावला नाही.

रिपोर्ट लिहावाच लागतो, नाहीतर फाइल बंद होत नाही :
मानवी आकृती आढळली नाही.
बाह्य कण, धातूचे, विखुरलेले.
जमीन वाढलेली आहे.

गोधडी पुन्हा बांधताना बाई म्हणाल्या,
यातलं गावात काय सांगायचं ते मी बघेन.
पार्किंगमध्ये त्यांच्या गाडीची काच खरवडून दिली.
तळं गोठलेलं, अंधारात कुठे संपतं ते कळेना.
मी उगाच हात लांब केला,
एक डोळा मिटून
मोजून पाहिलं.